वास आणि वास्तव्य

“सदर कड्यावर पक्ष्यांचे वास्तव्य आढळून येत नाही, सबब कड्यालगतची पायवाट नागरिकांच्या सुरक्षिततेस्तव कायमची बंद करण्यात येत आहे. आदेशावरून.”

पायवाट सुरू होते तिथल्या फाटकावर हे वाक्य टांगलेले होते. पांढरा पत्रा, निळी अक्षरे, चार कोपऱ्यांपैकी एकाचा स्क्रू निखळलेला. वाक्य एकच, पण त्यात इतक्या गोष्टी इतक्या सफाईने नाहीशा केलेल्या, की कसलेल्या जादूगारानेही हेवा करावा.

नाहीसा झालेला पहिला इसम म्हणजे कर्ता. ‘आढळणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे असते. शोधल्याशिवाय काही आढळत नाही. मात्र ‘आढळत नाही’ म्हणताना शोधले कुणी, हे सांगण्याची सक्ती नसते. ‘चष्मा आढळत नाही’ असे म्हणणाऱ्याने तो पुष्कळदा कपाळावरच चढवलेला असतो. दुसरा नाहीसा झाला तो काळ. उन्हाळा उतरणीला लागला की या कड्यावरची बहुतेक पिल्ले समुद्रात उतरतात आणि त्यांच्या मागोमाग आईबापही. त्या सुमारास एक फेरी मारून ‘वास्तव्य आढळून येत नाही’ असा कायमचा वर्तमानकाळ लिहिणे म्हणजे सुट्टीत शाळेच्या खिडकीतून डोकावून गावात मुले नाहीत असे जाहीर करणे. आणि मग तो ‘सबब’. पक्षी नाहीत, सबब माणसांना धोका! म्हणजे पक्षी होते तोवर ते माणसांना कॉलर धरून काठापासून मागे ओढत होते की काय? दोन वाक्यखंडांच्या मधली अख्खी दरी त्या तीन अक्षरांनी बुजवली होती, आणि त्या पुलावरून पुढे जाण्याचे धाडस तर्कशास्त्राला झाले नसते.

एक दुरुस्ती मात्र आधीच झाली होती. कुण्या कुरव पक्ष्याने फाटकावर बसून ‘नाही’ या शब्दावर नेमकी पांढरी शाई सोडली होती. त्यामुळे पाटी आता ‘वास्तव्य आढळून येत’ अशी वाचावी लागे. संबंधित पक्षाचे म्हणणे ऐकून घेणे म्हणतात, ते हेच असावे.

या वाक्याचा अनामिक कर्ता आमच्या घरातलाच होता. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, किनारा विभागात अधिकारी आहेत. कड्याची पाहणी त्यांनी केली, निष्कर्ष त्यांनी काढला आणि सोमवारच्या जाहीर बैठकीत तो वाचून दाखवण्याचा मानही त्यांचाच होता. बैठकीने मान डोलावली, की फाटकाच्या जागी भिंत. पाटी लागल्या दिवसापासून मावशीने त्यांचे नाव सबबराव ठेवले, आणि ते घरात असे रुळले की धुण्याच्या बाईनेही एकदा फोनवर विचारले, “सबबराव साहेब आहेत का?”

मावशी ही आमच्या आईची धाकटी बहीण. आयुष्यभर तिने लोकांचे दात काढले. दवाखाना बंद केला तेव्हा तिने सगळे विकले. मागे टेकणारी खुर्ची तेवढी घरी आणली आणि बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी मांडली. पाहुणे सोफ्यावर बसतात. मावशी त्या खुर्चीत आडवी होऊन, पायाने खुर्ची वरखाली करत, दुर्बिणीतून समुद्राकडे बघते. दर उन्हाळ्याच्या अखेरीस ती आम्हाला कड्यालगतच्या पायवाटेने फिरायला नेते. सगळे पक्षी असतात तेव्हा कुणीही जातो. मावशी जाते ती मागे राहिलेल्यांसाठी. “वर्गात शेवटी उरलेलं पोरच बघण्यासारखं असतं,” असे तिचे म्हणणे.

यंदा तिचा उजवा गुडघा बदलायचा ठरला होता. डॉक्टरांनी तिची समजूत घालायला वर्ष घालवले आणि अखेर पुढच्या उन्हाळ्यात कड्यावर चालाल, या एका आश्वासनावर ती तयार झाली. पाटी वाचून घरी आल्यावर तिने खुर्ची मागे टेकवली आणि छताकडे बघत सांगितले, “ऑपरेशन रद्द करा.”

“मावशी, असं काय करतेस?” ताई म्हणाली.

“मग काय करू? पायवाटच नसेल तर गुडघा कशाला दुरुस्त करायचा? जिन्यासाठी?”

मामला असा गुडघ्याशी येऊन ठेपला होता. सोमवारी पायवाट गेली असती तर त्याच आठवड्यात ठरलेले गुडघ्याचे ऑपरेशनही गेले असते. आणि मावशीला एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला लावणारा माणूस अजून जन्मायचा होता.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा भाऊजीही बरोबर होते. ते आले नव्हते. त्यांना आणले होते. “मावशीची वाट बंद करणाऱ्याने निदान तिचा थर्मास तरी उचलावा,” असा ताईचा निवाडा. भाऊजी इस्त्रीचा शर्ट, चामडी पट्टा आणि कार्यालयाचे बूट घालून, दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या अडकवून, नववधूसारखे खाली मान घालून चालत होते.

माझ्या डोक्यात आरोपपत्र तयार होते. एका गुळगुळीत वाक्यामागे सहसा एक गुळगुळीत माणूस असतो आणि त्याच्यामागे त्याहून गुळगुळीत कंत्राटदार, हे मी इतक्या ग्रंथांत वाचले होते की त्या कंत्राटदाराचा चेहराही मला दिसू लागला होता. मी पहिल्याच वळणावर उलटतपासणी सुरू केली.

“भाऊजी, पाहणी तुम्ही स्वतः केलीत?”

“पाहणी करण्यात आली.”

“कुणाकडून?”

“विभागाकडून.”

“विभागाला पाय असतात?”

“मेहुणीबाई,” भाऊजींनी पिशवी सावरली, “शनिवारीसुद्धा तुमचं व्याकरणाचं कोर्ट चालू असतं का? कैद्याला चहा तरी मिळेल?”

“चहा तुमच्याच खांद्यावर आहे,” ताई म्हणाली. “आणि तो मावशीचा आहे.”

दिवस असा सुरेख उजाडला होता की रागालाही जरा लाज वाटावी. गवत पिकून पिवळे पडले होते आणि वाऱ्याबरोबर एकाच बाजूला झुकत होते. समुद्र खाली कुठेतरी, घरातल्या माणसाने दुसऱ्या खोलीत भांडी आवरावीत तसा, सावकाश आवाज करत होता. मावशी काठी टेकत पुढे चालली होती. तिचा गुडघा प्रत्येक चढावर कुरकुरे आणि ती त्याला मोठ्याने दटावी, “गप रे. तुझा निकाल सोमवारी लागेल.” मधूनच ती थांबे, काठी आकाशात रोखे आणि आम्ही बघत राहू: एकटा पाणकावळा पाण्याला चिकटून निघालेला, कुरवांचा थवा कुठल्याशा बोटीमागे कागदाच्या तुकड्यांसारखा उधळलेला.

“हे बघा जावईबापू, वास्तव्य नसलेले पक्षी,” ती म्हणे.

“हे उडते आहेत, मावशी. उडत्याला वास्तव्य म्हणत नाहीत. घरटं लागतं.”

“मग चला, घरटी दाखवते.”

एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती, पण तिचा अर्थ मी चुकीचा लावत होते. भाऊजी पायवाटेवरून चालतच नव्हते. समुद्राकडे वाट, तिच्या अलीकडे गवत आणि गवताच्या कडेला दगडी बांध. भाऊजी त्या बांधाला खांदा घासत चालत होते. एरवी फुलदाणीतले फूल कागदाचे की खरे हे न ओळखणारा हा माणूस बांधातल्या रानफुलांचे कौतुक करत होता. मी मनात नोंदले: साक्षीदार पुराव्याकडे पाहण्याचे टाळतो.

मोठ्या वळणापाशी वारा फिरला. इतका वेळ तो जमिनीवरून समुद्राकडे जात होता; आता समुद्रावरून वर चढला आणि त्याच्याबरोबर तो आला. वास. मासळी, ओले पीस, चुना आणि पोराबाळांचे न आवरलेले घर यांचा मिळून जो होतो तो. ताईने नाकाला रुमाल लावला. मावशीने डोळे मिटून असा श्वास घेतला, जसा लोक बागेत घेतात.

“हा! पाहणीच्या दिवशीही असाच होता,” भाऊजी बोलून गेले.

आम्ही तिघी थांबलो.

“म्हणजे तुम्हाला वास आला होता?” मी विचारले.

भाऊजींच्या लक्षात आले, पण उशिरा. “वास आला. पण वास म्हणजे वास्तव्य नव्हे. नाकाचा पुरावा विभाग ग्राह्य धरत नाही.”

“भाऊजी, निवास, सहवास, वनवास, सगळीकडे तो राहण्याचाच वास आहे. शब्दच तुमच्या विरोधात साक्ष देतोय. वास होता, म्हणजे वास होता!”

“अहो, एवढा वास आला, तर चार पावलं पुढे होऊन बघायचं ना!” ताई म्हणाली. “काठ हा इथे.” आणि तिने सहज हात धरून त्यांना काठाकडे ओढले.

भाऊजी जागचे हलले नाहीत. दोन्ही पिशव्यांसकट त्यांनी बांधाला मिठी मारली. चेहरा त्या पाटीसारखा पांढरा, आणि ओठ त्यावरच्या अक्षरांसारखे.

ताईच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजळले. संसाराची सगळी वर्षे ती मागे जाऊन तपासत असावी.

“गॅलरी,” ती म्हणाली.

“काय गॅलरी?” मी विचारले.

“लग्न झाल्यापासून गॅलरीत कपडे मी वाळत घालते. यांना तिथला वारा बाधतो. सर्दी होते! दिवा बदलायचा तर स्टुलावर वॉचमन चढतो. का, तर ‘स्थानिकांना काम द्यावं’. आणि आपल्या सहलीत त्या मनोऱ्यावर… अहो! तुम्ही खाली उभं राहून रांगेतल्या लोकांच्या चपला सांभाळल्या होत्या!”

“कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या,” बांधाकडे तोंड करून भाऊजी म्हणाले.

“मला का नाही सांगितलंत?”

“पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. मग फार उशीर झाला.”

ताई हसू लागली. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. आणि त्या हसण्यात चेष्टा कमी आणि सुटका जास्त होती, कारण इतकी वर्षे तिचा समज होता की नवऱ्याला कपडे वाळत घालण्याचा कंटाळा आहे. माझ्या आरोपपत्रातला कंत्राटदार मात्र वाऱ्यावर उडून गेला. एवढे मोठे असत्य, आणि त्याच्या मुळाशी लोभ नाही, कट नाही. नुसते दोन थरथरणारे गुडघे! मला फसवल्यासारखे झाले. राग ठेवायला मला त्याहून ऐसपैस जागेची सवय आहे. आणि गुडघेच मोजायचे तर, या दोघांपायी तिसरा बळी जाणार होता, हे मी विसरले नव्हते. तसे बोलायला मी तोंड उघडले.

“तू गप्प बस,” मावशी मला म्हणाली. मग तिने आवाज बदलला. तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. तिच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने ऐकला होता. “जावईबापू, माझ्याकडे बघा. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेलाच यायचा. पैलवानसुद्धा. एकाने तर माझा अंगठा चावला होता. घाबरण्यात काही वावगं नाही. तोंड बंद ठेवून ‘दात नाहीत’ म्हणू नये, एवढंच. बसा इथे. बांध सोडायचा नाही.”

तिने पिशवीतून एक गोल आरसा काढला. पेशंटला त्याचेच दात दाखवायचा, मुठीचा आरसा. रुमालाने तो काठीच्या टोकाला करकचून बांधला, स्वतः काठाजवळ गवतात बसली आणि काठी कड्याबाहेर धरून कलती केली.

“आता आरशात बघा. खाली नाही, समोर. दिसतंय?”

भाऊजींनी एक डोळा उघडला. “काहीतरी पांढरं आहे.”

“दाढ नाही ती. नीट बघा.”

“हलतंय.” दुसरा डोळा उघडला. “मावशी, पक्षी आहे! काठी जरा डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. अजून एक आहे! त्याच्या मागे काळं काय आहे?”

“एवढ्याशा आरशात तेवढंच दिसायचं,” मावशी निर्विकारपणे म्हणाली. “बाकीचं बघायचं तर पोटावर झोपून यावं लागेल. मी तुमचा पट्टा धरते, ताई पाय धरेल. मी सांगेन तेव्हाच खाली बघायचं. सहन नाही झालं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबते.”

भाऊजींनी लगेच डावा हात वर केला.

“अजून मी काही केलंसुद्धा नाही,” मावशी म्हणाली. “सगळे असंच करतात. हात खाली.”

मग किनारा विभागाचा अधिकारी इस्त्रीच्या शर्टासह गवतावर पालथा झाला आणि कोपरांवर सरकत निघाला. ताई त्यांच्या घोट्यांना लोंबकळलेली, मावशीच्या मुठीत चामडी पट्टा, आणि मी माझ्या हाती उरलेला थर्मास धरून उभी. जेमतेम चार पावलांचे ते अंतर. इतिहासातल्या काही मोहिमा याहून कमी कुरबुरीने पार पडल्या असाव्यात.

“नाक काठाबाहेर आलं का?”

“आलं असावं.”

“उघडा डोळे.”

मी आणि मावशीही आडव्या होऊन वाकलो. खाली ऊन पडले होते. कड्याच्या प्रत्येक दगडी फळीवर शाईपंखे बसले होते. हे मावशीचे नाव, कारण त्या मोठ्या शुभ्र पक्ष्यांच्या पंखांची टोके दौतीत बुडवल्यासारखी काळी असतात. शेवाळ आणि फाटक्या जाळ्यांच्या धाग्यांची घरटी, निम्मी रिकामी. उरलेल्यांत एकेक काळपट, ठिपकेदार, आईबापांपेक्षाही जाडजूड पिल्लू. आईबाप परत आले की चोचीला चोच घासून एकमेकांना ओवाळल्यासारखे करत होते.

“तोंडात दात नाहीत, पण चोचीला आतून करवतीची धार असते,” मावशी सांगू लागली. “आणि बाहेरून नाकपुड्याच नसतात.”

“म्हणून राहू शकतात इथे,” ताई रुमालातून म्हणाली.

भाऊजींची नजर बरोबर खालच्या फळीवर खिळली होती. तिथे एक पिल्लू अगदी टोकाशी येऊन उभे होते. ते खाली बघे, पंख फडफडवी आणि पटकन मागे सरून दगडाला अंग घाशी. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. शेजारची मोठी माणसे आपापली पिसे साफ करत होती.

“घाबरलंय,” भाऊजी कुजबुजले. “त्याला उडता येतं का?”

“नाही. अंगावर फार चरबी आहे. पहिल्यांदा नुसती उडी मारायची, पंख पसरायचे आणि पाण्यावर आदळायचं. मग पोहत पोहत बारीक झाल्यावर उडणं.”

“कुणी सांगत नाही त्याला?”

“काय सांगणार? तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर गेला असतात?”

पिल्लू पुढे आले. या वेळी मागे सरले नाही. पंख उघडले, जरा जास्तच उघडले, आणि ते गेले: वेडेवाकडे, पाय लोंबकळत, वाऱ्यावर एकदा तिरपे होऊन, लांबच लांब घसरत, आणि अखेर पाण्यावर पोट आपटून पांढऱ्या फेसात. क्षणभर काही दिसेना. मग काळे डोके वर आले आणि पिल्लाने ते दोन्ही बाजूंना जोरजोरात हलवले, जणू कुणाला नाही म्हणत होते.

“गेलं! अगं, गेलं!” भाऊजी ओरडले. “पाहिलंत? मी पाहिलं! पोहतंय बघा, पोहतंय!” दोन्ही हात काठाबाहेर काढून ते टाळ्या वाजवत होते. मावशीने पट्टा दोन हातांनी धरला. ताई हसता हसता रडत होती आणि घोटे सोडत नव्हती. मलाही, पुरावा हाती लागल्याचा म्हणून, थोडा आनंद झाला. थोडा म्हणणे खोटे होईल.

“चला आता, चहा घेऊ,” मावशी म्हणाली. “माझा गुडघा आखडला.”

“थांबा हो मावशी,” कड्यातून आवाज आला. “त्या कोपऱ्यातलं दुसरं तयारीत आहे.”

चहा आम्ही तिथेच, पालथ्या अवस्थेत प्यायलो. उकडलेली अंडी भाऊजींनी न बघता खाल्ली. परतताना ते बांध सोडून गवताच्या मधोमध चालले. काठावर नाही, कारण चमत्कार वगैरे काही झाला नव्हता. फाटकाशी मात्र ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि कुरवाची दुरुस्ती पुसण्यासाठी काढलेला रुमाल त्यांनी तसाच घडी करून खिशात ठेवला.

सोमवारची बैठक विभागाच्या लांबट खोलीत होती. हिरव्या कापडाचे टेबल, पाण्याचे झाकण घातलेले पेले, बंद पंखा. मावशी पहिल्या रांगेत, काठीला अजून आरसा बांधलेला. भाऊजी उठले. समोरचा कागद त्यांनी पालथा घातला. पुढची वाक्ये मी लघुलेखकाच्या प्रतीवरून जशीच्या तशी देते. त्यांत एक शब्दही बदलण्याची मला गरज वाटत नाही, कारण प्रत्येक वाक्याला कर्ता आहे.

“पाहणी मी केली नाही. मी गाडीतून उतरलो, बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. मला उंचीची भीती वाटते, आमच्या गॅलरीचीसुद्धा. वास आला होता, तरी वास्तव्य नाही असं मी लिहिलं. त्यात ‘सबब’ हा शब्द मी कारण म्हणून घातला होता. ती माझी सबब होती, मला पुन्हा त्या कड्यावर जावं लागू नये म्हणून. शनिवारी मी पोटावर झोपून खाली पाहिलं. पक्षी आहेत. मी पाहिले. एक तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं आणि तरी गेलं. पाटी काढून टाका आणि वाट उघडी ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या मावससासूबाई नव्या गुडघ्यानं तिथे येणार आहेत, आणि मलाही जायचं आहे. माझा पट्टा धरायला त्याच लागतात.”